फराळाच्या तेलावर शाळेची बस

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहितात ती माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप साठलेलं असतं. मी अजून कॉलेजात आहे, रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि माझं ‘काम’ म्हणजे कॉलेज सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी केलेलं अर्धवेळ काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि छापण्यासाठी काही लिहिणाराही पहिलाच. त्यातून दिल्लीत वाढल्यामुळे माझी मराठी कधी हिंदीच्या गल्लीत शिरेल, सांगता येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक बाईंना मी हे सगळं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “अरे, आपल्या निम्म्या वाचकांच्या घरचं तेल तूच नेलंयस. त्याचं पुढे काय झालं, ते त्यांना कळायला नको का?” हे मात्र खरं आहे. म्हणून लिहितो. ‘या पोराने एवढ्यात आठवणी काय सांगायच्या’ असं ज्यांना वाटेल, त्यांचं बरोबरच आहे. त्यांनी पान उलटलं तर मला वाईट वाटणार नाही. म्हणजे, थोडं वाटेल.

मी मुजावरकाकांकडे काम करतो. काका मूळचे मिरजेचे, पण सगळी नोकरी दिल्लीत रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी फरिदाबादच्या औद्योगिक भागात एक छोटी शेड भाड्याने घेतली आणि तळून उरलेल्या तेलापासून गाडीचं इंधन, म्हणजे बायोडिझेल, बनवायला सुरुवात केली. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा आले ते आईच्या ओळखीने. आई चकल्या, करंज्या ऑर्डरप्रमाणे करून देते आणि तिच्याकडे जुनं तेल नेहमी असायचं. काकांनी तेल नेलं आणि जाताना मलाही नेलं, असं बाबा म्हणतात. बाबा एका मंत्रालयात शिपाई आहेत. मी केमिस्ट्री घेतली तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी पांढरा कोट घालून काचेच्या खोलीत बसेन. मी पहिल्या दिवशी शेडमधून घरी आलो तेव्हा माझ्या शर्टाला भजीचा वास येत होता. बाबा एवढंच म्हणाले, “कोट नाही दिला का रे?”

काम काय असतं ते आधी सांगतो. स्वयंपाकाचं तेल गाडीत तसंच ओतलं तर गाडी काही दिवस चालते, पण तेल जाड असल्यामुळे हळूहळू इंजिनात चिकट थर बसतो. म्हणून ते पातळ करावं लागतं. आधी गोळा केलेलं तेल गाळायचं. मग तापवून त्यातलं पाणी उडवायचं. तेल जितकं जास्त वेळा तळलेलं, तितकं ते आंबट होतं. हा आंबटपणा तपासून त्याप्रमाणे कॉस्टिक, म्हणजे साबणाला लागतो तो कॉस्टिक सोडा, किती घालायचं ते ठरवायचं. हे माझं काम. तेल कोमट ठेवून त्यात मेथॅनॉल, एक प्रकारचं स्पिरिट, आणि कॉस्टिक घालून ढवळलं आणि ठेवून दिलं की दुसऱ्या दिवशी खाली काळपट ग्लिसरीन बसलेलं असतं आणि वर मधाच्या रंगाचं पातळ इंधन. ते धुवून, पुन्हा पाणी काढून, गाळून कॅनमध्ये भरायचं. कॉस्टिक चुकलं तर इंधनाऐवजी साबण होतो. माझा एकदा झाला होता. काकांनी तो फेकू दिला नाही, आम्ही महिनाभर त्यानेच शेडची फरशी धुतली.

तळाशी जे बसतं त्याला काका ‘साका’ म्हणतात. हा शब्द मला विचारून घ्यावा लागला. आमच्या घरी त्याला ‘नीचे बैठलेलं’ म्हणायचे.

सगळ्यात अवघड काम मात्र रसायनाचं नाही, तेल मागण्याचं आहे. कुठलाच हलवाई आपलं तेल जुनं झालंय हे कबूल करत नाही. मुनिरकाच्या एका लालाजींकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कढईतलं तेल चहाच्या काढ्यासारखं दिसत होतं.

“यह तेल?” लालाजी म्हणाले. “इसने तो अभी ढंग से समोसे भी नहीं देखे।”

काकांनी कढईत वाकून पाहिलं. “लालाजी, इसने तो आपकी बारात देखी है।”

मागे पुऱ्या लाटणारी दोन माणसं इतकी हसली की लालाजींनाही हसावं लागलं. तेल मिळालं. आता ते दर आठवड्याला स्वतः फोन करतात, “मुजावर साहब, बारात तैयार है, ले जाओ।” एका हॉस्टेलच्या मेसवाल्याने मात्र कॅन भरलेला दिसावा म्हणून त्यात डाळीचं पाणी ओतलं होतं. आम्ही तापवायला ठेवलं तर भांड्यातून फटाके उडायला लागले. काका दूर सरकून म्हणाले, “अरहर आहे. वास घे.”

वासाचं एक सांगायलाच हवं. आमचा स्वतःचा जुना पिकअप पूर्णपणे आमच्याच इंधनावर चालतो, आणि त्याच्या धुराला तळणीचा अगदी हलका वास येतो. लाल सिग्नलला शेजारच्या रिक्षातली माणसं इकडेतिकडे बघायला लागतात. मला स्वतःला तो वास आता येत नाही, पण इतरांना येतो. मेट्रोत एकदा माझ्या शेजारचा माणूस फोनवर कुणाला तरी म्हणाला, “पता नहीं यार, अचानक भूख लग गई।” वर्गात माझं नाव ‘भटूरा’ पडलं. पहिलं वर्षभर मी घरी जाऊन कपडे बदलल्याशिवाय कुणाला भेटायचो नाही. आता हे आठवलं की वाटतं, उगाच. त्या वर्षात मित्र करायचे राहून गेले. नंतर झाले, पण उशिरा झाले.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शेड बंद पडायची वेळ आली होती. तेल मिळत होतं, इंधन बनत होतं, पण ते नियमित घेणारं कुणी नव्हतं. एखादा जनरेटरवाला घ्यायचा, एखादा वीटभट्टीचा ट्रकवाला घ्यायचा आणि पुन्हा दिसायचा नाही. काकांनी मला स्पष्ट सांगितलं, “सुमित, या हिवाळ्यात एक पक्कं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाहीतर होळीनंतर मी शेड सोडतो. घरी बसून नातवंडांना शिकवीन.” काका हे हसत म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी पिंप पुसायचं फडकं दोनदा धुतलं. ते अस्वस्थ असले की काहीतरी धुतात.

ते पक्कं गिऱ्हाईक म्हणजे तनेजाजी. बदरपूरच्या अलीकडे त्यांचं मोठं यार्ड आहे आणि त्यांच्या बऱ्याच बस शाळांची मुलं नेतात. स्वस्त इंधन त्यांना हवं होतं, पण ते पोळलेले होते. कुणीतरी आधी त्यांना ‘बायो’ म्हणून भलतंच काही विकलं होतं. त्यांनी आमच्यासमोर चहा ठेवला आणि अट घातली.

“एक बस देता हूँ। आधा आपका माल, आधा डीज़ल। पूरी सर्दी चलाओ। चल गई तो सारी गाड़ियाँ आपकी। लेकिन बच्चों को लेकर एक दिन भी सड़क पर खड़ी हो गई, तो मुजावर जी, चाय पर आप आते रहना, माल मत लाना।”

त्या बसचा ड्रायव्हर बलबीर, झज्जरकडचा. दांडगा माणूस, मोठ्या मिशा, गळ्यात मफलर. त्याने पहिल्याच दिवशी आमच्या इंधनाच्या कॅनमध्ये नाक घालून हुंगलं आणि मला म्हणाला, “रै मास्टर, इसमैं तै जलेबी की बास आवै सै। गाड्डी चाल्लैगी अक नाचैगी?” मी ‘मास्टर’ कसा झालो मला माहीत नाही. बहुधा चष्म्यामुळे.

एका बससाठीसुद्धा नेहमी मिळत होतं त्यापेक्षा जास्त तेल लागणार होतं. ते कुठून आणायचं, याचं उत्तर मला सुचलं आणि मला त्याचा फार आनंद झाला. दिवाळी झाल्यावर प्रत्येक मराठी घरात फराळाचं तेल उरलेलं असतं! ते ओतून द्यायला जीव होत नाही आणि पुन्हा वापरायचंही नसतं. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. लक्ष्मीबाई नगर, आर. के. पुरम, सरोजिनी नगरच्या बाजूची काही घरं, सगळीकडून होकार आले. प्रत्येक वसाहतीत एक मोठा कॅन ठेवला. लक्ष्मीबाई नगरची जबाबदारी पाटणकर काकूंनी घेतली. काकूंचे मिस्टर वित्त मंत्रालयात आहेत, पण वसाहतीचं मंत्रालय काकूंकडे असतं.

मी कॅन आणायला गेलो तेव्हा काकू जिन्यातच उभ्या होत्या.

“एकेकीला फोन करून गोळा केलंय, बरं का. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या डिसोझांनी त्यांच्या नाताळच्या गोड कलकल आधीच तळून त्यांचं तेल दिलं तुझ्यासाठी. ख्रिसमस अजून यायचाय!”

“थँक यू काकू.”

“थँक यू काय? बसवर नाव लिहा म्हणावं, लक्ष्मीबाई नगर महिला मंडळ.”

काकांनी इतकं स्वच्छ तेल कधी पाहिलं नव्हतं. हलवाईच्या तेलापुढे ते गंगाजल होतं. एकदा-दोनदाच तळलेलं, आंबटपणा जवळजवळ नाही. काका बरणी उजेडात धरून बघत राहिले आणि म्हणाले, “आपल्या बायकांचं तेल. बघ, सोनं आहे.” आम्ही ते वेगळं ठेवलं, त्याचं वेगळं इंधन केलं आणि ठरवलं की तनेजाजींच्या बसला फक्त हेच द्यायचं. सगळ्यात चांगलं सगळ्यात महत्त्वाच्या गिऱ्हाइकाला. आता यात चुकलं काय, ते तुमच्यातल्या फराळ करणाऱ्या वाचकांच्या कदाचित लक्षात आलं असेल. आम्ही दोघं केमिस्ट्रीवाले होतो आणि आमच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबर छान गेला. बस चालत होती, बलबीर खूश होता. डिसेंबरच्या मध्यावर पहिली खरी थंडी आली. दिल्लीची थंडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगतो, सकाळी धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचा दिवाच काय तो दिसतो आणि नळाला हात लावला की नळ आपला हात धरून ठेवतो. त्या सकाळी काका आणि मी पिकअपमधून तनेजाजींसाठी कॅन घेऊन निघालो. पिकअपच्या टाकीतही फराळाचंच इंधन होतं, कारण नेहमीचं संपलं होतं. मथुरा रोडवर गाडीने दोन आचके दिले, खोकली आणि थांबली.

मागे हॉर्न सुरू झाले. आम्ही गाडी ढकलून कडेला घेतली. काकांनी बॉनेट उघडून इंधनाचा फिल्टर काढला. फिल्टरमध्ये पांढरा, मऊ, रवाळ गोळा बसला होता. काकांनी तो बोटाने काढला, बोटांत चोळला. मी वास घेतला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“काका,” मी म्हणालो, “हे तर वनस्पती तूप आहे.”

“अनारसे,” काका म्हणाले.

आणि त्या थंडीत, हॉर्नच्या गोंगाटात, मथुरा रोडच्या कडेला बसून आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. कारण लगेच सगळं कळलं होतं. चकली तेलात तळतात. पण अनारसे, करंज्या, चिरोटे आपल्याकडे तुपात नाहीतर वनस्पती तुपात तळतात. दिवाळीच्या उबेत ते उरलेलं, तेलात मिसळलं की, पातळच असतं. आमच्या बायकांनी सगळं गाळून, निगुतीने, एकाच कॅनमध्ये ओतलं होतं. गोठणाऱ्या तुपाचं इंधन केलं तरी तेही थंडीत गोठतं. मोहरीचं तेल थंडीत पातळ राहतं, त्याचं इंधनही पातळ राहतं. आम्ही आंबटपणा तपासला होता, पाणी तपासलं होतं. थंडी तपासली नव्हती.

हसू थांबलं ते एका गोष्टीने. याच इंधनाचे कॅन दोन दिवसांपूर्वी बसच्या टाकीत गेले होते. निम्मं डिझेल होतं म्हणून आज बस निघाली असेल, पण उद्या थंडी वाढणार होती. उद्या ती मुलांना घेऊन रस्त्यात उभी राहिली असती.

मला वाटलं, काका आधी विचार करतील. यार्डात जाऊन गुपचूप टाकी बदलता येते का, बलबीरला हाताशी धरता येतं का, असं माझ्याच मनात येऊन गेलं. काकांनी तिथेच, बॉनेटला टेकून, हाताला तूप लागलेलं असताना फोन लावला. “तनेजा जी, मुजावर। कल सुबह वह बस मत निकालिए। गलती हमारी है। मैं आ रहा हूँ, टंकी खुद खाली करूँगा।”

पिकअप तिथेच सोडून आम्ही रिक्षाने यार्डात पोहोचलो तेव्हा तनेजाजी शाल गुंडाळून उभे होते. काकांनी फिल्टर त्यांना दाखवला. त्यांनी पांढरा गोळा बघितला.

“यह क्या है?”

“घी,” काका म्हणाले. “हमारी औरतें दीवाली में इसमें अनरसा तलती हैं।”

तनेजाजींनी तो गोळा बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, “मेरी बस को आप प्रसाद खिला रहे थे?”

बलबीर मागे तोंडावर मफलर धरून हसत होता. तनेजाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “आपने खुद आकर बता दिया, इसलिए सुन रहा हूँ। स्कूल की छुट्टियाँ होने वाली हैं। जो बनाना है बनाओ और टंकी में डाल दो। छुट्टी भर बस यहीं खुले में खड़ी रहेगी। जिस दिन स्कूल खुलेंगे, सुबह एक बार में उठनी चाहिए। नहीं उठी तो फिर कुछ मत कहना।”

जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे ऐन कडाक्यात, शाळा उघडणार होत्या. आम्हाला तेवढ्यात थंडीत न गोठणारं इंधन करायचं होतं, आणि त्यासाठी मोहरीचं तेल हवं होतं. दिल्लीत मोहरीच्या तेलात तळतं कोण? मराठी माणूस नाही. मी माझी सगळी ओळखपाळख चाळली. वर्गातला माझा बिहारी मित्र, आशुतोष, मला बटला हाऊसच्या एका भजीवाल्याकडे घेऊन गेला. आणि चित्तरंजन पार्कच्या बाजारात मासे तळणाऱ्या एका दीदींकडे मी स्वतः गेलो. त्यांच्या कढईतून झणझणीत वास येत होता.

“दीदी, यह सरसों का तेल है ना?”

“आर की होबे? माछ क्या रिफाइंड में भाजेगा?” त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. तेल कशाला हवं ते सांगितल्यावर त्या घाबरल्याच. “ए बाबा! स्कूल का बच्चा लोग को माछ का गंध आएगा!”

“थोड़ा-सा, दीदी. बाहर जाएगा, धुएँ में.”

“तब ठीक है,” त्या म्हणाल्या. “बच्चा लोग को माछ का गंध भालो।” त्यांनी कॅन भरून दिला आणि वर मला एक तळलेला तुकडाही दिला. बंगाली बाजारातली ती सकाळ मला अजून आवडते. दीदींनी शेजारच्या दोन दुकानांतूनही तेल काढून दिलं. “ए, ए बस चलाएगा माछ से,” असं त्या सगळ्यांना ओरडून सांगत होत्या आणि लोक माझ्याकडे वळून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या वासाची लाज वाटली नाही.

लक्ष्मीबाई नगरात मात्र अवघड गेलं. कुणाच्या तुपात काय झालं ते लपवून ठेवायला मला जमत नाही, आणि पाटणकर काकू तर जमूच देत नाहीत.

“म्हणजे आमचं तेल नापास?”

“नापास नाही काकू. उन्हाळ्यात ते सगळ्यात चांगलं चालेल. फक्त थंडीत—”

“अनारसे काय तेलात तळायचे होते मग? मोहरीच्या?” असा अनारसा त्यांना डोळ्यांपुढे दिसला असावा, कारण त्यांनी पदर नाकाला लावला. “जा. पुढच्या वर्षी दोन कॅन ठेव. तुपाचा एक, तेलाचा एक. मी बघते कोण चुकीच्या कॅनमध्ये ओततं ते.” यंदा तसंच करणार आहोत. गेल्या दिवाळीचं जे तुपाचं उरलं होतं ते आम्ही एप्रिलपर्यंत जपून ठेवलं आणि त्याचं इंधन मे-जूनमध्ये वापरलं. लक्ष्मीबाई नगर महिला मंडळाचा माल दिल्लीच्या उन्हाळ्यात पळतो.

मोहरीचं इंधन तयार झालं. काका म्हणाले, या वेळी थंडी तपासायची. शेडमध्ये फ्रिज नव्हता. मी एक बरणी घरी आणली आणि आईच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या मागे ठेवली. फ्रिज साधारण जानेवारीच्या सकाळइतकाच थंड असतो. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून आलो तर बाबा टेबलाशी पोळी घेऊन बसले होते आणि समोर ती बरणी उघडी.

“अच्छा मध आणलाय रे तू,” बाबा म्हणाले. “पातळ आहे जरा.”

मी ओरडलो त्यापेक्षा मोठ्याने आई ओरडली. पोळीचा तुकडा बरणीपर्यंत गेला होता, पण तोंडापर्यंत नाही, हे आईने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग बाबांनी बरणी तिरकी करून दिव्याकडे धरली. “पण बघ,” ते म्हणाले, “फ्रिजमध्ये राहूनही गोठलं नाही.” मी बघितलं. खरंच, ते स्वच्छ पातळ होतं. तळाशी जरा धूसर होतं तेवढंच. काकांनी ठरवलं की तेवढंही नको. त्यांनी सगळे पिंप शेडच्या मागच्या अंगणात थंडीत ठेवले, जे गोठलं ते गाळून काढलं आणि उरलेलंच भरलं. बाबांनी त्या दिवसापासून ऑफिसात सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की त्यांचा मुलगा गाडीचं औषध बनवतो. पांढरा कोट ते आता विचारत नाहीत.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी आम्ही बसची टाकी भरली. अर्धं आमचं, अर्धं डिझेल. बस यार्डाच्या भिंतीला, उघड्यावर लावली. बलबीर गावी जाणार होता. जाताना बसवर थाप मारून म्हणाला, “मास्टर, तेरी छोरी नै ठंड मैं छोड़ कै जाऊँ सूँ।” सुट्टीभर काका रोज तापमान बघायचे आणि मला पाठवायचे. सोबत एक शब्दही नसायचा. आकडा खाली खाली जात होता. मला अभ्यास करायचा होता, सेमिस्टरचे पेपर जवळ आले होते, पण पुस्तक उघडलं की त्या बसची टाकी डोळ्यांपुढे यायची आणि तिच्यात काय चाललं असेल हे मी मनातल्या मनात गोठवत-वितळवत बसायचो. हरलो तर होळीनंतर शेड नाही. काका तेल ओढून आणणार नाहीत, कुणाला हसवणार नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाने घरी बसणं मला बघवलं नसतं.

आणि शाळा उघडायचा दिवस आला तो नेमका माझ्या भौतिक रसायनशास्त्राच्या पेपरचा दिवस. सकाळी उठलो तर खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मेट्रो हळू चालत होती. काकांना फोन लावला, तो लागला नाही. बलबीरला लावला, त्यानेही उचलला नाही, तो गाडीवर असणार. मग परीक्षेच्या खोलीबाहेर फोन बंद करून पिशवीत ठेवावा लागला. पेपर कसा गेला विचारू नका. एका प्रश्नात मी उत्तराऐवजी ‘बस’ लिहिलं आणि खोडलं.

बाहेर आलो, फोन सुरू केला. काकांचे पाच-सहा फोन येऊन गेले होते. काका कधी एकापेक्षा जास्त फोन करत नाहीत. मी त्यांना लावला, त्यांचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. शेवटी बलबीरला लावला.

त्याच्या मागे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत होतं.

“हाँ रै मास्टर! कित था तू?”

“पेपर था, बलबीर भाई. बस?”

“बस के?” तो मुद्दामच थांबला. “एक सेल्फ मैं।” म्हणजे पहिल्याच स्टार्टला. “सुण, एक सेल्फ मैं! कोहरा इतणा था अक अपणा हाथ ना दीखै था, अर या खाँसी भी ना। अर बराबर वाळी, डीज़ल की, वा खड़ी रहगी। बैट्री बैठगी उसकी। तेरे वाळी की बैट्री तै करंट दे कै चालू करी वा। तनेजा जी शाल मैं खड़े देखैं थे।”

“क्या बोले?”

“बोल्ले, बलबीर, बाळक छोड़ कै सीधा यार्ड मैं आ। अर बाकी सारे ड्राइवराँ नै बोल्ले, अपणी-अपणी टंकी खाली करो, मुजावर जी का माल आण लाग रह्या सै।”